उपजेची जागा : सिल्वासाच्या परिसरातले तारप्याचे रिंगण

मराठी गाणाऱ्यांच्या बोलीत 'जागा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला सर्वांचाच, माणूस बसतो-उठतो ती जागा. दुसरा खास गाण्यातला. चालीत एखाद्या ठिकाणी गाणारा सरळ वाट सोडतो, क्षणभर आडवळणाला जातो आणि परत येतो, तेव्हा ऐकणारा म्हणतो, 'काय जागा घेतली!' हे दोन अर्थ एका शब्दात कसे आले, त्याची व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञांनी सांगावी. माझा मुद्दा एवढाच की आयत्या वेळी सुचणाऱ्या संगीतात हे दोन अर्थ एकमेकांवर टेकून उभे असतात. उभे राहायची जागा जशी, तशी सुरातली जागा. ठिकाण बदलले की उपज बदलते, आणि काही ठिकाणी ती मुळी येतच नाही.

हे विधान तपासायचे तर जॅझच्या लहान क्लबांकडे जाण्याची रीत आहे. न्यूयॉर्कचे तळघर, लंडनचे एखादे कॅफे, फार तर मुंबईतले एखादे सभागृह. मी सिल्वासा निवडले आहे. जॅझ ऐकायला सिल्वासाला कोणी जात नाही. वापीला गाडीतून उतरावे, रिक्षा किंवा बस धरावी, आणि दोन्ही बाजूंना धाग्याचे, प्लास्टिकचे कारखाने पाहत शहरात शिरावे, असा तिथला प्रवास. पण शहर मागे टाकून खानवेल, दुधनीच्या बाजूला वळले की वारल्यांचे पाडे लागतात. तिथे भात पिकण्याच्या दिवसांत रात्री जे रिंगण धरले जाते, ते उत्स्फूर्त संगीताचे मला माहीत असलेले सर्वांत लहान आणि सर्वांत विचक्षण सभागृह आहे. त्याला भिंत नाही, दार नाही, तिकीट नाही. तरी त्याची रचना इतकी नेमकी आहे की एखाद्या ध्वनिशास्त्रज्ञाने आराखडा काढून द्यावा.

सिल्वासा ज्यात येते तो दादरा आणि नगर हवेली हा सारा मुलूख ४९१ चौरस किलोमीटरचा. मराठ्यांनी १७७९च्या तहान्वये पोर्तुगीजांना दिला, नगर हवेलीचा ताबा १७८३ साली गेला, दादरा १७८५ साली. २ ऑगस्ट १९५४ला सिल्वासा मुक्त झाले आणि ११ ऑगस्ट १९६१ला प्रदेश भारतात विलीन झाला. मराठी वाचकाला हे गाव आठवते ते बहुधा त्या मुक्तिसंग्रामात उतरलेल्या सुधीर फडक्यांमुळे. संगीतकाराने बंदुका मिळवायच्या खटपटीत पडावे हे आपल्याकडेच घडू शकते. त्या मोहिमेच्या खर्चासाठी पुण्याच्या हिराबागेत लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता. म्हणजे या प्रदेशाच्या इतिहासात संगीताचा एक मोठा जलसा आधीच नोंदलेला आहे. त्या जलशाकडे मी शेवटी पुन्हा येईन, कारण तो आपल्या विषयाच्या अगदी विरुद्ध टोकाला उभा आहे.

इथल्या आदिवासींत वारली समाज सर्वांत मोठा. त्यांच्या मागोमाग धोडिया आणि कोकणा. धोडियांचे तूर आणि थाळी, कोकणांचे मुखवट्यांचे भवाडे, आणि वारल्यांचा तारपा. यांतल्या पहिल्या दोघांना मी इथे हात लावत नाही. तारप्याचे एवढे आहे की लेख त्यालाच पुरायचा नाही.

वाद्याकडे नीट पाहू. सुकवलेला, पोकळ केलेला भोपळा ही हवेची कोठी. तिच्या एका टोकाला फुंकायची वाट. दुसऱ्या टोकाला बांबूच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी बसवलेल्या, त्यांच्यावर बोटांसाठी भोके. भोपळ्याच्या आत, नळ्यांच्या तोंडाशी, बांबूचीच जिभाळी. आणि पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळलेला लांब कर्णा. सांधे मेणाने बुजवलेले. लहान तारपा दोन-तीन फुटांचा, मोठा माणसाच्या उंचीला पोचणारा. रानात जे मिळते त्यातून सारे घडलेले; लोखंडाचा खिळासुद्धा लागत नाही.

या रचनेतून तीन गोष्टी निघतात आणि पुढचे सारे विवेचन त्यांवरच उभे आहे.

एक, जिभाळी. ती एकेरी आणि आपटणारी आहे, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनच्या कुळातली. अडॉल्फ सॅक्सने १८४६ साली आपल्या वाद्याचे पेटंट घेतले तेव्हा त्याने पात्याला धातूची नळी जोडली. फुंकेने थरथरणाऱ्या एका पात्याचे तत्त्व जुनेच होते, आणि ते सह्याद्रीच्या पायथ्याशी भोपळ्यात बसलेले होते. म्हणून तारप्याचा आवाज बासरीसारखा गुळगुळीत नाही, खरखरीत आणि भरलेला आहे. उघड्यावर लांब जातो.

दोन, अखंड श्वास. भोपळा कडक आहे. बॅगपाइपच्या पिशवीसारखा तो दाबता येत नाही, हवा साठवून ठेवत नाही. आवाज तुटू द्यायचा नसेल तर वाजवणाऱ्याने गाल हेच कोठार करायचे. गालांतली हवा बाहेर ढकलता ढकलता नाकाने आत घ्यायची. असे तो तासनतास करतो. जॅझमध्ये हीच क्रिया राहसान रोलंड कर्कने केली तेव्हा लोक चकित झाले होते; तो एकाच वेळी दोन-तीन सॅक्सोफोन तोंडात धरून वाजवी. एका फुंकेत दोन नळ्या, आणि श्वासाला खंड नाही. त्याचे हे कसब तारपकऱ्याच्या घरी रोजचे.

तीन, सुरांची टंचाई. हाताशी मोजके चार-पाच सूर. दोन नळ्या जवळजवळ एकाच सुरावर बोलतात, पण पुरत्या जुळत नाहीत, आणि त्या फरकातून एक घुमारा उठतो. ख्यालगायकाकडे तीन सप्तके असतात, पियानोवाल्याकडे सात. इथे सात सूरसुद्धा नाहीत. मग उपज कशात?

या प्रश्नाला टाळून चालणार नाही, कारण शहरी जाणकार नेमका इथेच नाक मुरडतो. तारपा ऐकून तो म्हणतो, हे तर तेच ते आहे; यात सुचण्यासारखे काय? आक्षेप खोटा नाही, चुकीच्या ठिकाणी रोखलेला आहे. उत्स्फूर्त संगीताच्या प्रत्येक पद्धतीत काही बांधलेले असते आणि काही मोकळे सोडलेले. पद्धत ओळखायची ती काय मोकळे आहे त्यावरून. ख्यालात तालाचे आवर्तन बांधलेले, पण आवर्तने किती घ्यायची ते गायकाच्या मर्जीवर. आणि सम गाठेपर्यंत सुरांची वाट मोकळी. जॅझच्या नेहमीच्या गाण्यात ३२ मात्राखंडांचा सांगाडा असतो, ब्लूजमध्ये १२. स्वरसंघांचा क्रम हलत नाही, त्या क्रमावर कोणते सूर टाकायचे ते वादकाने ठरवायचे. तारप्यात उलट आहे. स्वरवाक्ये बांधलेली आहेत, पिढ्यांकडून आलेली आहेत. मोकळे आहे ते त्यांचे आयुष्य. एक वाक्य किती वेळा फिरवायचे, कधी सोडायचे, पुढे कोणते उचलायचे, केव्हा घाई करायची, नाचाची रांग कुठे वळवायची. सुचणे सुरांच्या पातळीवरून उठून घडणीच्या पातळीवर गेलेले आहे.

पाश्चात्त्य संगीताने हे फार उशिरा शोधले. टेरी रायलीने १९६४ साली 'इन सी' लिहिले. त्यात ५३ लहान वाक्ये आहेत आणि प्रत्येक वादकाने हवे तितक्या वेळा वाक्य फिरवून पुढे सरकायचे. वाक्यांचा क्रम मात्र त्यानेही मोकळा सोडला नाही. तारपकरी तोही सोडतो.

पण तो हे निर्णय घेतो कशाच्या आधारे? इथे वाद्य संपते आणि ठिकाण सुरू होते.

रिंगणाची रचना अशी. तारपकरी मध्ये. त्याच्याभोवती बाया-पुरुष हातांची साखळी करून गोल फिरतात. रांगेच्या तोंडाशी एक पुढारी असतो, हातातली खुळखुळणारी काठी जमिनीवर आपटत तो ताल धरतो. तारपकरी उभ्या जागी नसतो, चालतो, वळतो, आणि रांग त्याच्या वळणाने वळते. वाजवण्यात असे ठरलेले इशारे आहेत की त्यांनी रांगेला डावे की उजवे ते कळते. आणि एक नियम : तारप्याकडे पाठ करायची नाही. जिव्या सोमा मशे यांनी हेच रिंगण चित्रात मांडले आणि जगभर नेले. डहाणूजवळच्या गंजाडच्या या माणसाला २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रात आपण रिंगण आकाशातून पाहतो, म्हणून ते नक्षीसारखे दिसते. वारली चित्र आज हॉटेलांच्या भिंतींवर, पिशव्यांवर, कपांवर सगळीकडे आहे. आवाज मात्र त्याच्याबरोबर गेला नाही. नक्षी पाहणाऱ्याला कळत नाही की तो एका सभागृहाचा नकाशा पाहतो आहे.

नकाशा वाचू. हात धरून उभ्या असलेल्या माणसाला सुमारे साठ सेंटिमीटर रुंदी लागते असे धरा. पन्नास माणसांचे बंद वर्तुळ म्हणजे तीस मीटरचा परीघ, आणि त्याची त्रिज्या जेमतेम पाच मीटर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. पाच मीटर ओलांडायला त्याला १४ मिलिसेकंद लागतात. शंभर माणसे आली तर त्रिज्या दहा मीटरच्या आसपास आणि विलंब २८ मिलिसेकंद. ही संख्या महत्त्वाची आहे. एकत्र वाजवणाऱ्यांना २५-३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर पचवता येतो. त्यापुढे प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहू लागतो आणि लय ओढली जाते. म्हणजे शंभराच्या वर माणसे एका तारप्याभोवती नीट नाचू शकत नाहीत. गर्दी झाली की दुसरे वळण घालावे लागते, रांग आतल्या आत गुंडाळावी लागते. चित्रातला तो नागमोडी आकार शोभेसाठी आलेला नाही. मोठ्या रांगेला वाद्याच्या जवळ ठेवण्याचा तो उपाय आहे, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट याहून सुंदर. वर्तुळाच्या परिघावरून निघालेला प्रत्येक आवाज मध्यबिंदूला एकाच वेळी पोचतो. शंभर पावले एकदम पडली तर मध्ये उभ्या असलेल्या माणसाला तो एकच ठोका ऐकू येतो. चौकोनात असे होत नाही, रांगेत नाही, नाटकगृहात तर नाहीच. पायांचा ताल ऐकण्यासाठी जगात सर्वांत चांगली जागा तारपकऱ्याची आहे. आणि तो थोडा एका बाजूला सरकला की त्या बाजूची पावले आधी, समोरची नंतर. कोण दमले आहे, कोण रंगात आहे, कुठे साखळी सैल झाली आहे हे त्याला डोळ्यांआधी कानांनी कळत असणार. तो त्या बाजूला चालत जातो. वाक्य तेच राहते, पण आता ते त्या चार माणसांसाठी वाजते. तिथे जागा घेतली जाते.

आपल्या बैठकीत हे काम दाद करते. गिरगावातल्या लक्ष्मीबागेत किंवा ट्रिनिटी क्लबात जी बैठक भरे, तिथे गवयासमोर ऐकणारे हाताच्या अंतरावर मांडी घालून बसत. पहिल्या ओळीत स्वतः गाणारे, वाजवणारे. मानेची हालचाल, भुवई, मांडीवरची बोटे, तोंडातली 'च्च'. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसामाणसांतल्या अंतरांची वाटणी केली, तिच्यात बारा फुटांपलीकडे संबंध 'जाहीर' होतो. त्याच्या आत बोलणे गप्पांचे असते, बाहेर भाषणाचे. बैठकीतला पहिला श्रोता बारा फुटांच्या आत असतो. म्हणून गवई त्याच्याशी बोलतो. पण बैठकीतही दाद जागेच्या नंतर येते. गायकाने घेतले, मग श्रोत्याने मान डोलावली. रिंगणात नंतर काहीच नाही. ऐकणारा पायांनी ऐकतो, आणि त्याचे ऐकणे हाच ताल असतो. तो चुकला तर संगीतच चुकते. श्रोत्यावर एवढी जबाबदारी टाकणारी बैठक मला दुसरी माहीत नाही.

जॅझची गोष्ट इथे आणण्याचे कारण आता उघड होईल. न्यू ऑर्लिन्सच्या काँगो स्क्वेअरमध्ये गुलाम आफ्रिकी माणसे रविवारी जमत. वास्तुविशारद बेंजामिन लाट्रोब याने १८१९ साली ते पाहून वहीत टिपले. त्याला शेकडो माणसे दिसली, पण एका घोळक्यात नाही. अनेक घोळक्यांत, आणि त्यांच्या मध्ये लहान लहान रिंगणे, सर्वांत मोठेही दहा फुटांपेक्षा रुंद नाही. वास्तुविशारदाचा डोळा म्हणून त्याने नाचाच्या आधी मापे लिहिली, त्याबद्दल आपण त्याचे आभारी असावे. पुढे चर्चमधल्या भजनांनाही अशीच फिरती रिंगणे होती, आणि सॅम्युअल फ्लॉइड या संगीतज्ञाने तर साऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीताचे मूळ त्या रिंगणात शोधले. त्याचे सगळे म्हणणे मान्य करायची गरज नाही. पण एवढे खरे की जॅझ नाचाच्या पायांवर वाढला, आणि पाय जवळ होते तोवर उपज पायांना उत्तर देत होती.

मुंबईत जॅझ आला तोही नाचायच्या फरशीवर. ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबीचा बँड आला, मागून टेडी वेदरफर्ड. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर गोव्याची मुले उभी राहिली. गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेली ही मुले. हलदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट त्यांतला सर्वांत झळकलेला. त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, आणि सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तून तो मराठी घरांतही पोचला, नाव कळले नाही तरी ट्रम्पेट कळला. एक विचित्र योग इथे आहे. सिल्वासाही त्याच पोर्तुगीजांखाली होते, तिथेही चर्च होते. पण गोव्याच्या गावोगावी चर्चने शिकवलेल्या वाद्यांची जी पिढ्यान्‌पिढ्यांची पेरणी झाली, तशी नगर हवेलीच्या जंगलात झाली नाही. इथले वाजवणारे भोपळ्यापाशीच राहिले. मला त्याचे वाईट वाटत नाही.

मुंबईतली फरशी दोन धक्क्यांनी गेली. पहिला १९४९चा दारूबंदी कायदा. लहान खोलीतला जॅझ ऐकणाऱ्याच्या पेल्यावर जगतो, हे कोणी मोठ्याने म्हणत नाही, पण हिशेब तोच आहे. दुसरा धक्का प्रतिष्ठेचा. जॅझ ऐकायचा, बसून ऐकायचा, असे ठरले. १९५८ साली डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला आणि सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसून वाजवून गेला. दोघे समोरासमोर होते, म्हणजे खोलीचा आकार बरोबर होता. वीस वर्षांनी, १९७८ साली, निरंजन झवेरींनी 'जॅझ यात्रा' सुरू केली ती धोबी तलावाच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, हजारोंसमोर. सॉनी रोलिन्स वाजवून गेला. तो महोत्सव मुंबईचा मान होता आणि त्याबद्दल वाईट बोलायची माझी छाती नाही. पण उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणून लाउडस्पीकर आला, आणि लाउडस्पीकर आला की वादकाला श्रोत्याचा श्वास ऐकू येणे बंद झाले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवनातले जलसेही थांबले. मोठी जागा एका कागदाने बंद पडते. लहान जागेला तेवढा कागदही लागत नाही, ती भाडे वाढले की जाते.

तरी काही टिकतात. न्यूयॉर्कचे व्हिलेज व्हॅनगार्ड १९३५ पासून चालू आहे. पंधरा-एक पायऱ्या उतरून तळघर, पाचरीच्या आकाराची खोली, १२३ माणसांची परवानगी. ही पाचर कोणी ध्वनीसाठी कोरली नाही, इमारतीच्या कोपऱ्यामुळे ती तशी पडली. पण समोरासमोर समांतर भिंती नाहीत म्हणून आवाज मागे-पुढे आपटत राहत नाही. सिंफनीच्या सभागृहात आवाज विरायला दोन सेकंद घेतो, आणि ते तिथे हवेही असते. जॅझवाला सेकंदाला आठ सूर वाजवत असेल तर दोन सेकंदांत त्याचे सोळा सूर एकमेकांत कालवले जातील. त्याला कोरडी खोली लागते. याच खोलीत २५ जून १९६१ला बिल एव्हन्सच्या त्रिकुटाने वाजवले; त्या ध्वनिमुद्रणात पेल्यांची किणकिण आणि कुजबुज स्पष्ट ऐकू येते. लोक तिला दोष मानतात. मला ती खोलीचे माप वाटते. कुजबुज सुरांइतकीच स्पष्ट आहे, म्हणजे कुजबुजणारा किती जवळ होता! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉन कोल्ट्रेनने तिथे 'इंडिया' वाजवले, खाली दोन डबल बास तंबोऱ्यासारखे एका सुराला चिकटून. आपल्याकडच्या अखंड सुराची ओढ त्याला त्या तळघरात लागली होती.

जॉन झॉर्नने २००५ साली 'द स्टोन' उघडले तेव्हा त्याने खोलीतून बारच काढून टाकला. पेय नाही, खाणे नाही, तिकिटाचे पैसे वाजवणाऱ्यांना. जगभर त्याचे कौतुक झाले. तारप्याच्या रिंगणात बार कधी नव्हताच. ताडी असते, पण ती विकून वाजवणाऱ्याचे पोट भरत नाही. वाजवणारा शेतकरीच असतो, आणि एक दमला की दुसरा तारपा घेतो. या अर्थव्यवस्थेची एक अट मात्र कडक आहे. तारपा बारमाही वाजत नाही. नवे भात तयार व्हायच्या सुमाराला, कणसरीच्या, म्हणजे धान्याच्या देवीच्या दिवसांत तो निघतो आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत रंगतो. एरवी तो आढ्याला टांगलेला. हे सभागृह वर्षातून काही आठवडेच उघडते. सांगितलेल्या तारखेला संगीत सुचत नाही ही तक्रार प्रत्येक जॅझवाला करतो. वारल्यांनी तारीख पिकाच्या हाती दिली.

आता आजचा प्रश्न. सिल्वासात आदिवासी संग्रहालय आहे, तिथे वाद्ये मांडलेली आहेत. सरकारी उत्सव होतात, त्यांत तारपा नृत्य असते. २६ जानेवारी २०२०ला दमण-दीवशी जोडल्यानंतर प्रदेशाच्या पर्यटनाच्या जाहिरातींतही तारप्याचे चित्र असतेच. शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे ज्येष्ठ तारपकरी भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेक मराठी घरांत तारपा हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला असेल. मान मिळाला हे चांगलेच. पण मंचावर काय होते ते पाहा.

रिंगणाचा नियम होता, तारप्याकडे पाठ करायची नाही. मंचाचा नियम आहे, प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही. बंद वर्तुळात हे दोन्ही पाळता येत नाहीत; अर्ध्या नाचणाऱ्यांची पाठ कुणाकडे तरी होणारच. मग वर्तुळ उघडतात, त्याचा कमानीसारखा तुकडा करतात आणि तोंडे खुर्च्यांकडे वळवतात. पहिला नियम हरतो. वाजवणाऱ्यासमोर मायक्रोफोन येतो, म्हणजे तो चालू शकत नाही. चालू शकत नाही म्हणजे सैल पडलेल्या बाजूकडे जाऊ शकत नाही. पावलांचा ठोका आता त्याला एका बाजूने, वाकडा ऐकू येतो. वर लाउडस्पीकरमधून त्याचाच आवाज उशिराने परत येतो. आणि कार्यक्रमपत्रिकेत सात मिनिटे लिहिलेली असतात. ज्याचे सारे सुचणे 'किती वेळ' या एका प्रश्नात होते, त्याला वेळच नेमून दिला. वाक्ये तीच राहिली, कर्णा तोच राहिला, पोशाख तर अधिक झळझळीत झाला. जागा मात्र गेली, शब्दाच्या दोन्ही अर्थांनी.

यात दुष्टावा कुणाचा नाही. मंच बांधणाऱ्याला वाद्य जपायचे असते. अडचण अशी की तो वाद्यालाच वाद्य समजतो. तारप्याचा निम्मा भाग भोपळा, नळ्या, कर्णा हा आहे; उरलेला निम्मा पाच मीटर त्रिज्येचा माणसांचा गोल आहे. संग्रहालयाच्या काचेत पहिला निम्मा ठेवता येतो.

हिराबागेतल्या जलशाकडे परत येतो, म्हणजे गैरसमज नको. तिथे लोक ओळखीची गाणी ओळखीच्या रूपात ऐकायला आले, पैसे दिले, आणि त्या पैशांचा एक भाग झेंडा बदलायच्या कामी आला. मोठ्या जमावाचे संगीत असे काम करू शकते. रिंगण करू शकत नाही. पन्नास माणसांच्या ताडीतून मुक्तिसंग्रामाचा खर्च निघाला नसता. मोठ्या जागेला सिद्ध झालेले गाणे लागते, लहान जागेला सिद्ध होत असलेले. दोन्हींची मापे वेगळी, आणि एकीच्या मापाने दुसरी कापली की कापड वाया जाते.

आता पाहुण्यापुरते. दिवाळीच्या आधी जावे. कोणाच्या ओळखीने जावे. पाडा हे कोणाचे तरी अंगण असते, प्रेक्षागृह नसते. मोबाइल वर धरला तर दोन्ही हात अडकतात आणि साखळीत शिरता येत नाही, एवढा हिशेब आधी करावा. रिंगणाच्या बाहेर उभे राहिलेल्याला नाचणाऱ्यांच्या पाठी दिसतात, आवाज त्यांच्या अंगांआडून गाळून येतो, पायांचा ठोका मात्र जमिनीतून तळव्यांना लागतो. बाहेर ऐकू येणारा तारपा एकसुरी वाटतो, आणि शहरी जाणकाराने दिलेला निकाल बहुधा इथूनच दिलेला असतो. पण रांगेच्या पुढाऱ्याला एक खोड असते. वाद्याने वळण दिले की तो साखळीचे तोंड सोडवतो, रिंगणाबाहेर काढतो आणि बघ्यांच्या मागून लांब फेरा घेत त्यांनाच वेढून टाकतो. क्षणापूर्वी बाहेर असलेला पाहुणा आता आत असतो. एका बाजूला तारपा, दुसऱ्या बाजूला फिरणारी माणसे. पाठ कुणीकडे करायची हे आता त्यालाही ठरवावे लागते, आणि तो ठरवेपर्यंत रांग पुढच्या वळणाला लागलेली असते.